हॉस्पिटल फी भरतं म्हणे!

९ ऑगस्ट २०२१

प्रुइट हसला. तोंडावर हसला! हातातली सुपाची पळी माझ्यावर रोखून म्हणतो, "तू? कॉलेजात? वांडा, अगं या वयात लोक गुडघे बदलून घेतात!"

सत्तेचाळीस म्हणजे काही म्हातारपण नाही. आणि गुडघ्यांचं म्हणशील तर तुझ्याच किचनमध्ये उभं राहून झिजलेत ते — हे मनात म्हणाले. तोंडाने नाही.

सुरुवात यसेनियाने केली. सकाळी पेशंटचे ट्रे भरत होतो. ती लापशी वाढते, तिच्याशेजारी मी अंडी आणि टोस्ट. सहज म्हणाली, "हॉस्पिटल आपल्या माणसांची कॉलेजची फी भरतं म्हणे." मी टोस्ट हातात धरून तशीच उभी. इतकी वर्षं इथे काढली, मला कसं कोणी बोललं नाही? "अगं म्हातारे, कोण बोलणार? बोललं की खर्च आला!"

म्हणून दुपारी प्रुइटकडे गेले. किचनचा मुख्य तो. त्याची सही लागते. कशाचा कोर्स, म्हणाला. श्वासाच्या यंत्रांचा, म्हटलं. व्हेंटिलेटरवरची माणसं सांभाळतात ना, ते काम. तेव्हा हसला.

हसू दे!

१० ऑगस्ट

का, ते एकदा इथे लिहून ठेवते. काल मर्विनला सांगायला गेले तर नवऱ्यासमोरही धड शब्द फुटेनात.

साथीच्या दिवसांत आम्ही वर फुप्फुसांच्या वॉर्डात पाठवलेले ट्रे जसेच्या तसे परत यायचे. झाकणसुद्धा उघडलेलं नसायचं. मी ते कचऱ्यात रिकामे करायचे. रोज. एकदा ट्रॉली घ्यायला वर गेले होते, दाराच्या काचेतून दिसलं — तिथला एक उंच माणूस एका बाईच्या पलंगाशी वाकून तिला श्वास सोडायला शिकवत होता. ओठ चिमटून, हळूहळू, गरम सूप फुंकावं तसा. तोही तिच्याबरोबर सोडत होता. दुसऱ्या दिवशी त्या खोलीतला ट्रे रिकामा आला. जेलीची वाटी चाटूनपुसून!

मी खाली उभी राहून त्या वाटीकडे बघत राहिले. आम्ही कितीही चांगलं शिजवलं तरी घास गिळायला आधी श्वास लागतो. मला ते काम हवं. बस्स.

१२ ऑगस्ट

एचआरच्या हॅलोरनबाईंकडे गेले. बाई गोड. अटी मात्र एकेक ऐकाव्यात!

कोर्स सुरू व्हायच्या आधी मंजुरी हवी. एक दिवस उशीर झाला तरी काही मिळणार नाही. वर्षाला सव्वापाच हजार डॉलरपर्यंत मिळतात, तेवढ्यावर सरकार कर लावत नाही. म्हणून ते त्याच्या पुढे जात नाहीत. म्हणजे मला एका वेळी एखाददुसराच विषय घेता येणार. आणि फी आधी आपण भरायची! परीक्षा झाली, बी किंवा वरची श्रेणी आली, की पैसे परत. सी आली तर? "मग नाही," बाई म्हणाल्या आणि माझ्यापुढे चघळायच्या गोळ्यांची वाटी सरकवली.

शिवाय शिकून झाल्यावर दोन वर्षं इथेच नोकरी करायची. आधी सोडली तर घेतलेलं सगळं परत.

"पण मी किचनमध्ये आहे," म्हटलं. "प्रुइट म्हणतो, ट्रे भरायला फुप्फुसं कशाला शिकायची?"

"हॉस्पिटलमधल्या कुठल्याही कामाचं शिक्षण चालतं. आताच्याच कामाचं हवं असं नाही. आणि आम्हाला श्वासाच्या विभागात माणसं मिळत नाहीयेत हो!"

घरी मर्विनला सांगितलं. तो बंदरावर धान्य चढवायची क्रेन चालवतो, मोजकं बोलतो. म्हणाला, "म्हणजे आधी उडी तू मारायची. पोहून पलीकडे गेलीस तर ते टाळ्या वाजवणार. बुडालीस तर तुझं तू बघ."

अगदी तसंच!

१९ ऑगस्ट

प्रुइट सही करत नाहीये. "उद्या बघू." "आज भाजीवाल्याचा ट्रक आलाय." वर्ग सोमवारी सुरू होणार.

२० ऑगस्ट

केली! त्याच्या ऑफिसात जाऊन उभी राहिले आणि हललेच नाही. बाहेर नाश्त्याच्या ट्रॉल्या अडकल्या. यसेनिया ओरडतेय, "वांडा कुठाय, अंडी गार झाली!"

प्रुइट भडकला. "चांगली माणसं मी तयार करायची, आणि ती वर निघून जायची! मग ही अंडी कोण बघणार — मी?"

"इतकी चांगली आहे तर कधी बोलला का नाहीत?"

त्याने सही केली. पेन टेबलावर आपटलं. "शिफ्ट बदलून मिळणार नाही."

मिळेल. पण ते पुढचं.

२१ ऑगस्ट

पहिली फी मर्विनने दिली. बोटीच्या नव्या इंजिनासाठी साठवलेले पैसे. मी नको नको म्हणत होते. "वसंतात नदीत वॉलाय मासे चढतातच," म्हणाला. "मासे कॉलेजात जात नाहीत. पुढल्या वर्षीही तिथेच असतील."

२३ ऑगस्ट

शरीररचनेचा वर्ग. सगळी पोरं. एकीने मला बाई समजून विचारलं, "मॅडम, हजेरी आत्ता घेणार का?"

खऱ्या बाई ओकाफोर. बुटक्या, आवाज खणखणीत. "हाडं पाठ करू नका. स्वतःच्या अंगावर हात लावून शोधा."

२७ सप्टेंबर

पहिली चाचणी. सी. तीही काठावरची.

गाडीत बसून रडले. इंजिनाचे पैसे डोळ्यांसमोर.

२८ सप्टेंबर

ओकाफोरबाईंनी थांबवून घेतलं. "तुम्ही काम काय करता?"

ट्रे भरते, म्हटलं. कोणाला मीठ नको, कोणाला साखर नको, कोणाला पातळच हवं, सगळं लक्षात ठेवून.

"ते कसं लक्षात राहतं?"

"माणूस लक्षात असतो ना! माणसाबरोबर ट्रे येतो."

"मग हाडंही माणसावरच शिका. कागद सोडा."

३ ऑक्टोबर

मर्विनला किचनमधल्या खुर्चीवर उघडाबंब बसवला आणि बरगड्या मोजल्या. गुदगुल्या होतात त्याला! लग्नाला इतकी वर्षं झाली, मला पत्ता नव्हता. "आता ही कुठली?" "ही तरंगती." "तरंगती? म्हणजे सुटली तर?" छातीच्या खालचा पडदा दाखवायला त्याला उचकी लावायची होती. लिंबू खाल्लं, उलटं पाणी प्यायला, उचकी काही येईना. शेवटी हसून हसून आली.

कामावर यसेनिया प्रश्न विचारते. "उजव्या फुप्फुसाला किती पाळ्या? — मीठ नको त्या ट्रेवर! — आणि डाव्याला?" तीन आणि दोन. डावीकडे हृदयाला जागा द्यावी लागते. "बघ," ती म्हणाली, "हृदयालाही घरात जागा करून द्यावी लागते!" तिला माझ्याइतकंच येतं आता. म्हटलं, तूही ये. नुसतीच हसली.

२५ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंग. टर्की चांगली झाली, बाकी दिवस वाईट गेला.

डेलियाचा तल्साहून फोन. माझी लेक एका वर्षात कॉलेज सोडून तिकडे गेली, डोक्यावर कर्ज घेऊन. कॉलेजचा क आमच्यात कोणी काढत नाही. म्हणून माझंही मी तिला सांगितलं नव्हतं. मर्विन बोलून गेला! बिचारा अभिमानाने बोलला, "तुझी आई पहिल्या बाकावर बसते!"

डेलिया म्हणाली, "छान. एकीला जमलं नाही, दुसरीला जमेल."

"डेलिया, तसं नाही गं—"

"मी कुठे काय म्हटलं, आई? अभिनंदन." फोन ठेवला.

१६ डिसेंबर

बी!! बी बी बी!

प्रुइटच्या ऑफिसच्या दारातून नुसतं बोटांनी हवेत 'बी' काढून दाखवलं. त्याला कळेना. यसेनियाने मागून सांगितलं, "आली हो आली!" सगळ्या किचनने पळ्या बडवल्या. प्रुइट म्हणाला, "सूप उतू जातंय." जात होतं खरंच.

२१ जानेवारी २०२२

फी परत आली. पगारात वेगळी दाखवलेली. मर्विनला म्हटलं, घे तुझं इंजिन. "पुढचा विषय कुठला?" एवढंच विचारलं त्याने.

रसायनशास्त्र.

९ मे

रसायनशास्त्रात ए! ओकाफोरबाईंनी आधीच सांगितलं होतं, "स्वयंपाक करणाऱ्याला हे सोपं जातं."

डेलियाला फोन केला, हे सोडून सगळं बोलले. हवा. कुत्रा. ती म्हणाली, "आणि कॉलेज?" चाललंय, म्हटलं. "हं."

१४ सप्टेंबर

आज यसेनियाशी भांडले. चूक माझीच.

तिला पुन्हा म्हटलं, नाव घाल, हुशार आहेस, वाया चाललीस. तिने हातातली पळी सोडली. "वांडा, आधी फी कोण भरणार? तुझ्या घरी बोटीचं इंजिन होतं. माझ्या घरी दोन पोरं आणि घरभाडं. चार महिन्यांनी मिळणारे पैसे मला आज कुठून दिसणार?"

हॅलोरनबाईंना जाऊन विचारलं, किचनमधून आजवर कितीजणांनी घेतली ही सवलत? "तुम्ही." धुलाईतून? "कोणी नाही." सफाईतून? बाईंनी गोळ्यांची वाटी पुढे केली. घेतली नाही मी.

म्हणजे ज्याच्याकडे आधी भरायला पैसे आहेत त्यालाच मागून मिळणार!

६ ऑक्टोबर

आज जे झालं ते सगळं लिहून ठेवते.

सगळ्या कामगारांची सभा होती. सर्वांत वरचे साहेब, स्ट्रॅटन, व्यासपीठावर. मोठ्या पडद्यावर हसरे चेहरे. "आमची माणसं हेच आमचं धन." मग म्हणाले, कोणाला काही विचारायचंय?

मी उभी राहिले. डोक्यावर केसांची जाळी तशीच! काढायची राहून गेली.

म्हटलं, "मी वांडा, किचनमधली. तुम्ही माझी फी भरता, तुमचे आभार. पण मी आधी भरते, तुम्ही नंतर देता. माझ्या शेजारी उभी राहणारी बाई माझ्यापेक्षा हुशार आहे. तिने मला प्रश्न विचारून विचारून पास केलं. तिला येता येत नाही, कारण आधी भरायला तिच्याकडे पैसे नाहीत. साहेब, तहान लागलेल्याला आपण म्हणतो का — आधी पाणी पी, मग विहीर दाखवतो?"

कोणीतरी खुदकन हसलं. साहेब म्हणाले, नापास झाले तर हॉस्पिटलचं नुकसान होतं, नियम त्यासाठी आहे.

"मग नापास झाल्यावर पगारातून थोडे थोडे कापा. आम्ही कुठे पळतोय? आम्ही पहाटेपासून इथेच असतो!"

मागून धुलाईच्या बायकांनी टाळ्या सुरू केल्या. मग सफाईच्या. आणि मग — माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना — प्रुइटचा आवाज. कोपऱ्यात उभा, हाताची घडी. "बरोबर बोलतेय ती. मी सह्या करायला तयार आहे. सही मागायला कोणी येतच नाही, त्याला मी काय करू?"

सभागृह दणाणलं! स्ट्रॅटनसाहेबांनी पाण्याचा पेला उचलला. "आम्ही विचार करू."

बाहेर आल्यावर प्रुइटला म्हटलं, थँक्यू. "जाळी काढ," म्हणाला. "बाहुलीसारखी दिसतेस."

२ नोव्हेंबर

काही नाही अजून. "विचार चालू आहे."

१२ जानेवारी २०२३

विचारच चालू आहे. धुलाईच्या बायका रोज एकेक करून एचआरमध्ये जातात. "झाला का विचार?" एवढंच विचारून परत येतात. मी शिकवलेलं नाही! त्यांचं त्यांना सुचलं.

७ मार्च

झाला विचार!!!

उन्हाळ्यापासून हॉस्पिटल फी थेट कॉलेजला भरणार. बाकी नियम तेच — आधी मंजुरी, बी श्रेणी, दोन वर्षं. पण खिशातून आधी पैसे काढायचे नाहीत. हॅलोरनबाई स्वतः खाली किचनमध्ये सांगायला आल्या. आजवर खाली आल्या नव्हत्या. आमचा कॉर्नब्रेड खाऊन गेल्या.

यसेनियाने मला ओढत थंडघरात नेलं आणि तिथे, लोण्याच्या खोक्यांमध्ये, आम्ही दोघी नाचलो. तोंडातून वाफ निघत होती. "श्वास बघ, श्वास!" ती ओरडत होती. "दिसतोय!"

२१ ऑगस्ट

शरीररचनेच्या वर्गात आज यसेनिया बसली. धुलाईतल्या तिघी तिच्या मागे. ओकाफोरबाईंनी मला निरोप पाठवला, "तुमच्याकडे अजून किती आहेत?"

माझा खरा कोर्स — यंत्रांचा — आजच सुरू. तो दिवसा असतो. प्रुइटने शिफ्ट बदलून दिली. आपणहून. शनिवार-रविवार दिवसभर, बाकी दिवशी भल्या पहाटे. "अंडी तूच करायचीस पण," म्हणाला.

४ फेब्रुवारी २०२४

थकलेय. पाय, डोळे, मेंदू सगळं. मर्विन मोजे काढून देतो. आज फक्त एवढंच.

१७ ऑक्टोबर

कोर्समधलं प्रत्यक्ष काम. फुप्फुसांचा वॉर्ड. काचेच्या आतल्या बाजूला!

म्हातारे मिस्टर लिंडक्विस्ट, पूर्वी काचकारखान्यात होते. आज त्यांच्या घशातली श्वासाची नळी काढायची होती. माझ्यावर देखरेख करणारी बाई म्हणाली, "वांडा, तू." हात स्वच्छ, आवाज शांत. "आता खोकायचं. जोरात!" नळी बाहेर. चेहरा लाल, डोळ्यांत पाणी. मी त्यांच्यासमोर वाकले. "ओठ चिमटा. सूप गरम आहे. फुंका." त्यांनी फुंकलं. मीही फुंकलं. पुन्हा. यंत्रावरचे ऑक्सिजनचे आकडे चढले, ओठांवर रंग आला.

पहिला शब्द घोगरा. "कॉफी."

लगेच द्यायची नसते. पण मी जिना उतरून खाली धावले आणि सगळ्या किचनला ओरडून सांगितलं, "कॉफी मागतोय तो! कॉफी!" प्रुइटने पाठ फिरवली. बराच वेळ कपाटात काहीतरी शोधत होता.

१८ फेब्रुवारी २०२५

डेलियाला मुलगी झाली. मी आजी! नाव मेबल. मर्विन बंदरावर प्रत्येकाला फोटो दाखवत सुटलाय.

१० मे

पदवी. झगा लांब, टोपी घसरत होती. नाव पुकारलं तेव्हा यसेनियाने अशी काही शिट्टी मारली की शेजारचं बाळ रडायला लागलं. मर्विन उभा राहून म्हणाला, "ती माझी बायको आहे!" सगळ्यांना आधीच कळलं होतं.

डेलिया आली नाही. बाळ लहान आहे, प्रवास लांबचा. असेल.

३० मे

परवान्याची परीक्षा पास! वरच्या मजल्यावर नेमणूक. नव्या बिल्ल्यावर नाव, खाली "श्वसन विभाग". किचनचा एप्रन प्रुइटकडे द्यायला गेले. "ठेव तुझ्याकडेच," म्हणाला. "ट्रेच्या लाइनवर तुझ्या जागी कोणी टिकत नाहीये. परवाचा पोरगा टोस्ट जाळून पळाला." मग हात पुढे केला. पहिल्यांदाच हात मिळवला आम्ही.

८ जून

डेलियाचा फोन. रडत होती. मेबलच्या बापाशी पटत नाही, बाळ झोपू देत नाही, कोणी मदतीला नाही. "आई, तू इकडे ये. इथेही हॉस्पिटलं आहेत. आता तुला कुठेही नोकरी मिळेल."

मिळेल. पण दोन वर्षं. सोडलं तर चार वर्षांची फी परत — आणि ज्यांच्यासाठी भर सभेत उभी राहिले, त्या बायका काय म्हणतील? पहिली हीच पळाली! सुट्टी घेऊन आठवडाभर येते म्हटलं, दोन आठवडे येते म्हटलं. तिला ते नको होतं.

"म्हणजे त्यांनी तुला विकत घेतलंय."

"नाही गं. मी शब्द दिलाय."

"हो. सगळ्यांना देतेस." फोन बंद.

मर्विन पाठीवरून हात फिरवत राहिला. पदवी, बिल्ला, सगळं आज भिंतीसारखं वाटलं.

१५ जून

आज सकाळी पुन्हा फोन. रडत नव्हती. मागे मेबलचा आवाज, आणि कसलीतरी खोकी ओढल्याचा.

"आई, तुमच्या त्या किचनमध्ये जागा आहे का? ते फी भरतात ना — मलाही भरतील?"

आहे, म्हटलं. माझीच.